साखरेच्या दारातून प्लॅटिनम

आत्याच्या पहिल्या केमोच्या दिवशी खरं औषध सुरू व्हायच्या आधीच दुपार झाली होती. आधी साधं सलाईन, मग उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शन, मग पुन्हा सलाईन. सिस्टरनी माझ्या हातात खुणा केलेलं प्लास्टिकचं भांडं दिलं आणि सांगितलं, "लघवी मोजायची, प्रत्येक वेळचा आकडा लिहून ठेवायचा. कमी वाटली तर लगेच सांगा." मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेले : २५०, ३००, २००. आत्याला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. रेडिएशनच्या जोडीला आठवड्यातून एकदा हे औषध, असं ठरलं होतं. पिशवी टांगली तेव्हा ती निरखून आत्या म्हणाली, "हे तर नुसतं पाणीच दिसतंय की."

थोड्या वेळाने तिने जे विचारलं ते माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. "दुखणं खाली आणि औषध चढवतायत हातातनं. आता हे सगळ्या अंगातनं फिरत फिरत जाणार. थेट गाठीलाच का देत नाहीत गं?"

मी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. त्या 'पाण्या'तल्या औषधाचं, सिस्प्लॅटिनचं सूत्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले आहे. तरी त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेले तसं कळलं, की तिच्या प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळा बसलेल्या आहेत आणि त्यांतल्या काहींनी धरलेली वाट आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यापाशी येऊन थांबते. ती वाट साखरेची आहे.

आधी सिस्प्लॅटिन नीट ओळखून घेऊ. मधोमध प्लॅटिनमचा एक अणू. त्याला धरून बसलेले अमोनियाचे दोन रेणू आणि दोन क्लोराइड. बस्स, एवढंच. मध्ये धातू आणि त्याच्याभोवती हात धरून उभे राहिलेले सोबती, अशा रचनेला धातूचं कॉम्प्लेक्स म्हणतात. दोन्ही क्लोराइड एकाच बाजूला शेजारी शेजारी असतील तर ते सिस्प्लॅटिन. तेच समोरासमोर बसवले, तर घटक तेच असूनही औषधाचा गुण जातो. वर्गात मुलांना मी हे दाखवते तेव्हा दरवेळी कुणीतरी विचारतंच, "एवढ्याशा फरकाने?" हो, एवढ्याशा फरकाने.

हे संयुग १८४०च्या दशकात मिकेले पेरोने या इटालियन रसायनतज्ज्ञाने बनवलं होतं. मग सव्वाशे वर्षं त्याचा औषध म्हणून कुणाला पत्ता नव्हता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या बार्नेट रोझेनबर्ग यांनी जिवाणूंच्या द्रावात विजेचा प्रवाह सोडून काय होतं ते बघायचं ठरवलं. विद्युतअग्रं प्लॅटिनमची घेतली, कारण प्लॅटिनम कशाशी सहजी अभिक्रिया करत नाही असा सगळ्यांचा समज. जिवाणू मरेनात, पण त्यांचं विभाजनच थांबलं. ते नुसते लांबत गेले, नेहमीपेक्षा कितीतरी पट लांब, दोऱ्यासारखे. कसून शोध घेतल्यावर कळलं, की करामत विजेची नव्हती. अग्रांवरचं थोडं प्लॅटिनम द्रावात उतरलं होतं आणि तिथल्या क्षारांशी मिळून त्याची कॉम्प्लेक्स तयार झाली होती. जे जिवाणूंचं विभाजन थांबवतं, ते गाठीतल्या पेशींचंही थांबवेल का? १९६९ मध्ये उंदरांवरचे निकाल आले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. वृषणाचा कॅन्सर शरीरात पसरला की पूर्वी फार थोडे रुग्ण वाचत. सिस्प्लॅटिन आल्यावर त्यांतले बहुसंख्य बरे होऊ लागले. एका अपघाताने सापडलेल्या धातूच्या संयुगाने इतकी तरुण मुलं घरी परत पाठवली, हे वाचताना मला आजही गहिवरून येतं.

ते काम कसं करतं? रक्ततपासणीच्या रिपोर्टात 'क्लोराइड' असा एक रकाना असतो, त्यात आकडा साधारण १०० च्या आसपास असतो. रक्तात क्लोराइड इतकं भरपूर असतं, की सिस्प्लॅटिनचे स्वतःचे दोन क्लोराइड जागेवरून फारसे हलत नाहीत. पेशीच्या आत मात्र क्लोराइड त्या मानाने फार कमी. तिथे शिरताच हे दोन सुटतात, त्यांच्या जागी पाण्याचे रेणू येतात आणि प्लॅटिनमचे दोन हात मोकळे व्हायला तयार होतात. मग ते डीएनए गाठतं आणि शेजारशेजारच्या दोन पायऱ्यांना घट्ट पकडतं. पकडलेल्या जागी डीएनएची शिडी वाकते. वाकलेल्या शिडीची नक्कल करता येत नाही, दुरुस्तीही जमत नाही आणि अखेर पेशी स्वतःच मरणाचा मार्ग धरते.

पण यात कॅन्सरची पेशी कोणती आणि आपली कोणती, हे प्लॅटिनमला ओळखू येत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं. किडनीच्या पेशींच्या अंगावर एक वाहक प्रथिन असतं, ते सिस्प्लॅटिनला हाताला धरून आत घेतं. म्हणून आधी-नंतर इतकं सलाईन आणि म्हणूनच माझ्या हातातलं ते खुणांचं भांडं. कानातल्या केसासारखे बारीक तंतू असलेल्या ज्या पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आत्याच्या कानात चौथ्या आठवड्यापासून शिट्टी वाजायला लागली. आता ती बरी आहे, भाजी निवडते, नातवंडांवर ओरडते, पण मोबाईलची बारीक रिंग तिला ऐकू येत नाही.

नंतर आलेल्या कार्बोप्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधांनी काही त्रास कमी केले. कार्बोप्लॅटिन किडनीला बरंच सोसतं, पण रक्तपेशी कमी करतं. ऑक्झॅलिप्लॅटिनने हातापायांना मुंग्या येतात, थंड पाण्याला हात लावला तरी झिणझिण्या. त्रासाची जागा बदलली. आत्याचा प्रश्न तसाच राहिला, औषध गाठीलाच का नेत नाही?

आता साखरेकडे वळते.

१९२०च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग यांनी गाठीच्या पेशी किती ग्लुकोज खातात ते मोजलं आणि त्यांना नवल वाटलं. ऑक्सिजन भरपूर असतानाही या पेशी ग्लुकोज अर्धवटच जाळत होत्या आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत होत्या. आपले स्नायू जोरात पळताना, श्वास पुरत नसताना जे करतात, ते या पेशी बसल्या जागी करत होत्या. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळला तर ऊर्जेची तिसेक नाणी मिळतात. अर्धवट जाळला तर फक्त दोन. मग इतका तोट्याचा व्यवहार का? वारबुर्ग यांना वाटलं की या पेशींची ऊर्जेची भट्टीच बिघडलेली असावी. पुढे कळलं की बऱ्याच गाठींमध्ये भट्टी चालू असते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकंच बांधकामाचं सामान लागतं. नवा डीएनए, नव्या पेशीपटलाची चरबी, हे सगळं ग्लुकोजच्या तुकड्यांतून उभं करायचं असतं. सगळं जाळून टाकलं तर बांधायला काय उरणार?

कारण काहीही असो, अशा पेशीला ग्लुकोज जास्त लागतं आणि ते आत घ्यायला दारंही जास्त लागतात. पेशीचं आवरण तेलकट असतं, ग्लुकोज पाण्यात विरघळणारं. ते आवरणातून आपोआप शिरत नाही. त्यासाठी प्रथिनांची खास दारं असतात. त्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्लूट-१. जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा बंद असतो आणि त्याच्यातच एक छोटी दिंडी असते, माणूस वाकून तिच्यातून आत जातो, तसं हे. फरक इतकाच, की ही दिंडी एका वेळी एकाच बाजूला उघडी असते. बाहेरच्या बाजूला उघडते, ग्लुकोज आत येऊन बसतं, बाहेरची बाजू मिटते, आतली उघडते. २०१४ मध्ये चीनमध्ये नियेंग यान यांच्या गटाने या प्रथिनाची माणसातली रचना अणूंच्या पातळीवर उलगडून दाखवली. अनेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये पेशीच्या अंगावर अशा दिंड्या नेहमीपेक्षा खूप जास्त सापडतात.

हे नुसतं पुस्तकी नाही, तुमच्या घरात कुणाचा पेट स्कॅन झाला असेल तर तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. स्कॅनच्या आधी काही तास उपाशी ठेवतात. बोटाला सुई टोचून साखर बघतात, जास्त असेल तर स्कॅन पुढे ढकलतात. मग एफडीजी नावाचं इंजेक्शन देतात आणि तासभर एका खोलीत शांत पडून राहायला सांगतात. बोलू नका, चालू नका, कारण जो स्नायू हलेल तो साखर ओढेल. एफडीजी म्हणजे ग्लुकोजच, फक्त त्याच्या दुसऱ्या कार्बनवरचा एक गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन बसवलेलं. भुकेली गाठ ते ग्लुकोज समजून ओढून घेते, आत गेल्यावर ते पुढे पचत नाही, अडकून बसतं आणि पडद्यावर गाठ उजळते. हे फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ते जवळच बनवावं लागतं. माणसाला पहिल्यांदा हे इंजेक्शन १९७६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दिलं गेलं. आपल्याकडे २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्यासाठीचा सायक्लोट्रॉन आणि देशातला पहिला पेट स्कॅनर आला.

म्हणजे साखरेच्या वेशात काहीतरी गाठीत नेता येतं, याचा पुरावा आपल्याकडे रोज तयार होतो. मग त्या साखरेला फ्लोरिनऐवजी प्लॅटिनम बांधलं तर?

ऐकायला सोपं, करायला अवघड. फ्लोरिन हा एक चिमुकला अणू. प्लॅटिनमचं कॉम्प्लेक्स त्या मानाने मोठं गाठोडं. दिंडीतून वाकून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हारा असेल तर तो कसा धरला आहे यावर सगळं अवलंबून. ग्लुकोजच्या अंगावर सहा कार्बन असतात, त्यांच्यावर गट लटकलेले. दाराचं प्रथिन त्यांतल्या काही गटांना आतून हात लावून ओळख पटवतं. तिथेच ओझं बांधलं तर ओळख पटत नाही.

हे कसून तपासणारं काम अमेरिकेत एमआयटीमध्ये स्टीफन लिपर्ड यांच्या प्रयोगशाळेत झालं. २०१६ मध्ये मलय पात्रा, सॅम्युअल अवुआह आणि लिपर्ड यांनी प्रसिद्ध केलेलं एक काम मला फार आवडतं, कारण त्यात कष्टाला पळवाट शोधलेली नाही. त्यांनी ग्लुकोजच्या ज्या ज्या जागी प्लॅटिनम बांधता येईल त्या सगळ्या जागी ते बांधून वेगवेगळी संयुगं बनवली. एकच साखर, एकच ओझं, फक्त गाठ मारायची जागा वेगळी. मग ही सगळी कॅन्सरच्या पेशींवर टाकली. तिसऱ्या कार्बनवर ओझं बांधलेलं संयुग पेशींनी सगळ्यात कमी आत घेतलं. पहिल्या कार्बनच्या एका बाजूला आणि दुसऱ्या कार्बनवर बांधलेली सगळ्यात जास्त. आता ती खरंच साखरेच्या दारातून गेली की दुसरीकडून घुसली, हे कसं कळणार? त्यासाठी दार अडवणारं एक रसायन वापरलं आणि ग्लूट-१ कमी केलेल्या पेशीही बनवून पाहिल्या. दार बंद केल्यावर ज्याचं आत जाणं सगळ्यात जास्त घटलं, ते संयुग त्या दारावर सगळ्यात जास्त विसंबलेलं. ते निघालं दुसऱ्या कार्बनचं.

दुसरा कार्बन. एफडीजीतही फ्लोरिन तिथेच बसवलेलं असतं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी पान खाली ठेवून स्वतःशीच हसले. निसर्गाने त्या दारात एक जागा जरा सैल ठेवली आहे आणि दोन वेगवेगळ्या कामांना निघालेली माणसं तिच्यापाशीच पोचली.

हेच दुसऱ्या कार्बनचं संयुग पुढे उंदरांमधल्या स्तनाच्या गाठींवर तपासलं. या गाठींवर ग्लूट-१ भरपूर होतं. औषध गाठीत निवडून साठलं, गाठींवर परिणाम दिसला आणि उंदरांना वरकरणी विषबाधा दिसली नाही. मलय पात्रा नंतर मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांची प्रयोगशाळा आहे.

ओझं बांधायला जागा सापडली तरी ते आत गेल्यावर उतरवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. साखर कायमची चिकटून राहिली तर प्लॅटिनमचे हात मोकळे होणार नाहीत आणि ते डीएनएला धरणार नाही. या संयुगांमध्ये साखर प्लॅटिनमच्या त्या बाजूला बांधलेली आहे जी बाजू आत गेल्यावर सुटतेच. सिस्प्लॅटिनचे क्लोराइड जिथून निघतात, तीच बाजू. सोबती सुटला की साखरही त्याच्याबरोबर जाते आणि मागे राहतं ते काम करणारं प्लॅटिनम. दुसरी एक युक्ती आहे. प्लॅटिनमचं एक रूप असं असतं की त्याला चारऐवजी सहा हात असतात. जादाच्या दोन हातांवर साखर बांधायची. हे रूप बाहेर बऱ्यापैकी शांत असतं. पेशीच्या आत क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन असे इलेक्ट्रॉन देणारे रेणू असतात, ते त्याचे जादाचे दोन हात गळून पडायला लावतात. गाडीतून माल उतरवून रिकामी गाडी परत पाठवावी, तसं.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मग अडलंय कुठे? अडलेलं बरंच आहे आणि ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

पहिली अडचण गर्दीची. मी एक हिशोब केला. आपल्या रक्तात साधारण पाच लिटरमध्ये साडेचार ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज फिरत असतं, चहाचा एक सपाट चमचा. आत्याला दर आठवड्याला जे सिस्प्लॅटिन मिळत होतं ते अंदाजे ६० मिलिग्रॅम. दोन्हींचे रेणू मोजले तर प्लॅटिनमच्या एका रेणूमागे ग्लुकोजचे शंभराहून जास्त रेणू येतात, आणि यकृत ते सतत भरत राहतं. म्हणजे तेवढ्याच प्लॅटिनमला साखर बांधून सोडलं, तर त्या दिंडीसमोर एका औषधामागे शंभर खरे ग्लुकोज रांगेत उभे. पेट स्कॅनला ही गर्दी फारशी नडत नाही, कारण तिथे अगदी कणभर साखर आत गेली तरी कॅमेऱ्याला दिसते. औषधाला नुसतं दिसून चालत नाही, पुरेशा संख्येने आत जावं लागतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. हे दार फक्त गाठीचं नाही. उपचार संपल्यावर काही महिन्यांनी आत्याचा पेट स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं, गाठीच्या जागी काही उजळलेलं नव्हतं, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण आत्याचं लक्ष वर होतं. "डोकं कशानं पेटलंय एवढं?" डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, मेंदू साखरेवरच चालतो, तो सगळ्यांचाच असा दिसतो." मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण ग्लुकोज खातो वीस टक्के. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात ग्लूट-१ खच्चून भरलेलं असतं. रक्तातल्या तांबड्या पेशींवरही ते असतं आणि त्यांना तर ग्लुकोजशिवाय दुसरं अन्नच नाही. तेव्हा साखरेला बांधलेलं विष या दारांतून कुठे कुठे जाईल, हे मोजल्याशिवाय माणसाला देणं धोक्याचं. उंदरांतले निकाल आशा देतात, पण उंदीर कानात शिट्टी वाजते हे सांगू शकत नाही.

शिवाय औषध एकाच दारातून जात नाही. लिपर्ड यांच्याच गटाने आधी बनवलेलं एक ग्लुकोज-प्लॅटिनम संयुग साखरेच्या दारासोबत आणखी एका वाहकाच्या कुटुंबाचाही आधार घेतं असं दिसलं. हे तेच कुटुंब, ज्यातला एक वाहक किडनीत सिस्प्लॅटिनला हाताला धरून आत घेतो. म्हणून मला दुसऱ्या कार्बनचं ते काम इतकं मोलाचं वाटतं. नुसती साखर चिकटवली की झालं, असं नसतं. ती कुठे चिकटवली यावर औषध कुठल्या दारात जाऊन उभं राहणार ते ठरतं.

याचं एक जुनं उदाहरण आहे. ऑरॅनोफिन हे सोन्याचं औषध १९८५ पासून संधिवातासाठी मान्यताप्राप्त आहे. सोन्याच्या अणूच्या एका बाजूला गंधक असलेली साखर, दुसऱ्या बाजूला फॉस्फरसचा एक गट. म्हणजे साखर जोडलेलं धातूचं कॉम्प्लेक्स चाळीस वर्षांपासून औषधांच्या दुकानात आहे! पण त्यातल्या साखरेच्या हातांवर टोप्या चढवलेल्या आहेत, दाराला ती ग्लुकोज म्हणून ओळखू यायची नाही. साखरेमुळे ते गोळीवाटे पोटातून शोषलं जायला मदत होते. शरीरात गेल्यावर साखर लवकरच सुटते आणि सोनं पुढे आपल्या वाटेने जातं. पेशीतल्या एका महत्त्वाच्या विकराला ते अडवतं, म्हणून आता कॅन्सरवरही त्याची तपासणी चालू आहे. पण तिथे साखर वाट दाखवत नाही. रुथेनियम, तांबं, लोह यांनाही साखरा जोडून पाहिल्या आहेत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, त्याच्या तपशिलात इथे शिरत नाही.

धातू नसलेलं एक उदाहरण मात्र सांगितलंच पाहिजे, कारण ते माणसांपर्यंत पोचलं होतं. ग्लुफॉस्फामाइड, म्हणजे आयफॉस्फामाइड या केमोच्या औषधाच्या सक्रिय भागाला ग्लुकोज जोडलेलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर त्याची मोठी, तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली आणि त्यात आयुष्य ठामपणे वाढलं असं सिद्ध करता आलं नाही. उंदरापासून माणसापर्यंतची वाट किती लांब आहे, ते इथे दिसतं.

उलट जिथे दार फक्त एकाच अवयवाचं असतं, तिथे हीच कल्पना कमाल करते. यकृताच्या पेशींवर गॅलॅक्टोजसारख्या साखरा ओळखणारं एक खास प्रथिन असतं, इतर पेशींवर ते फारसं नसतं. त्या साखरेला आरएनएचं (डीएनएच्या नात्यातल्या रेणूचं) औषध बांधून थेट यकृतात पोचवतात. पोर्फायरिया या दुर्मिळ आजारासाठीचं असं गिवोसिरान नावाचं औषध २०१९ मध्ये मान्य झालं. साखर वाट दाखवू शकते, फक्त पत्ता नेमका हवा.

आता एक गोष्ट तळमळीने सांगते. गाठीला साखर आवडते, हे कळलं की व्हॉट्सॲपवर लगेच पुढचं वाक्य येतं : साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल. आत्यानेही सुरुवातीला चहातली साखर सोडली, मग भात सोडला, मग भाकरीही अर्धी केली. पंधरा दिवसांत चार किलो वजन उतरलं आणि केमो एक आठवडा पुढे ढकलावा लागला. तुम्ही साखर खाल्ली नाही तरी यकृत प्रथिनांपासून, स्नायू झिजवून ग्लुकोज तयार करतं. गाठीच्या अंगावर दारं जास्त असल्यामुळे तुटपुंज्या साखरेतूनही ती आपला वाटा ओढून घेतेच आणि उपाशी राहतो तो माणूस. मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील ते पथ्य पाळायलाच हवं. पण कॅन्सरला उपाशी मारायचं म्हणून जेवण सोडू नका, आहारतज्ज्ञांशी बोला.

आणि आज कुठल्याही हॉस्पिटलात साखर जोडलेलं प्लॅटिनम औषध म्हणून मिळत नाही. कुणी 'साखरेतून केमो' म्हणून पैसे मागत असेल तर ते या संशोधनातलं नाही. आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

मागच्या दिवाळीत मी हे सगळं आत्याला सांगितलं. दिंडी, हारा, दुसरा कार्बन, सगळं. तिने लाडू वळता वळता ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मेंदूचं दार बंद कसं करणार?"

ते बंद करता येणार नाही, मी म्हटलं, ते बंद केलं तर माणूसच राहणार नाही. म्हणून काही जण दुसरं दार शोधतायत. फळांतल्या साखरेचं, फ्रुक्टोजचं दार वेगळं असतं, ग्लूट-५. स्तनाच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये ते दिसतं, निरोगी स्तनात जवळजवळ नसतं. ते आपल्या आतड्यातही असतं, पण अन्नाच्या बाजूला तोंड करून, रक्ताच्या बाजूला नाही. शिरेतून दिलेलं औषध त्या तोंडापर्यंत सहजी पोचायचं नाही. आत्या क्षणभर थांबली, हातातला लाडू ताटात ठेवला आणि म्हणाली, "मग फळाच्या साखरेला बांधून बघा म्हणावं." बांधून बघणं सुरू झालेलं आहे.